चेरीचे झाड आणि पाद्री वीम्स

मेसन लॉक वीम्स (१७५९–१८२५) हा मेरीलँडमध्ये जन्मलेला एपिस्कोपल पाद्री. फिलाडेल्फियाचे प्रकाशक मॅथ्यू केरी यांची पुस्तके विकत तो अनेक वर्षे गावोगाव हिंडला. डिसेंबर १७९९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन वारले आणि १८०० मध्येच वीम्सने त्यांचे चरित्र बाजारात आणले. चेरीच्या झाडाची गोष्ट मात्र १८०६ च्या पाचव्या आवृत्तीत अवतरली. सहा वर्षांचा जॉर्ज नव्या कुऱ्हाडीने वडिलांच्या लाडक्या झाडाची साल सोलतो आणि विचारताच कबुली देतो. (झाड आडवे केल्याचे वीम्स सांगत नाही; ती भर पुढच्यांची.)

गोष्टीने मुलांना खरेपणा शिकवला, मग ती घडली की नाही याची चौकशी कशाला, असे वीम्सचे पाठीराखे म्हणतात. हे म्हणणे टिकत नाही. खरे बोलावे हे सांगण्यासाठी रचलेले खोटे आपल्याच उपदेशाच्या मुळावर घाव घालते. शिवाय वीम्सने ती बोधकथा म्हणून दिलेलीच नाही. दूरच्या नात्यातल्या एका वृद्धेने सांगितलेली हकिकत म्हणून ती छापली आणि त्या बाईचे नाव दिले नाही. पुस्तकावर तो स्वतःला माउंट व्हर्नन पॅरिशचा माजी धर्मगुरू म्हणवतो. अशी पॅरिशच नव्हती. वीम्सने लिहिलेल्या, अमेरिकन क्रांतियुद्धातील सेनानी फ्रान्सिस मॅरियनच्या चरित्रासाठी (१८०९) मॅरियनच्याच हाताखाली लढलेल्या पीटर होरीने टिपणे पुरवली. छापील पुस्तक पाहून, इतिहासाची कादंबरी केली म्हणून, होरी संतापला. जिवंत साक्षीदाराची साक्ष अशी फिरवणे कोणत्याही सद्हेतूने क्षम्य ठरत नाही.

पण म्हणून वीम्सला अडगळीत टाकावे, हेही पटण्याजोगे नाही. जॉन मार्शल यांनी लिहिलेल्या वॉशिंग्टनच्या पाच खंडी चरित्राचा पहिला खंड वसाहतींच्या इतिहासातच संपतो. वीम्सने सामान्य घरातल्या वाचकाला वॉशिंग्टनचे बालपण आणि घरातले वागणे दाखवले. त्याच्या गोष्टीतला बापही नीट पाहावा. माराच्या धाकाने मुले खोटे बोलू लागतात, असे तो आधीच बजावतो आणि कबुली ऐकताच मुलाला कवटाळतो. छडी सर्रास चालत असलेल्या काळात पालकांना दिलेली ही शिकवण मोलाची होती. टीकाकार नेमकी तीच विसरतात.

२१ फेब्रुवारी १८६१ रोजी ट्रेंटन येथे न्यू जर्सीच्या सिनेटपुढे अब्राहम लिंकन यांनी लहानपणी वाचलेल्या वीम्सच्या याच वॉशिंग्टन-चरित्राची आठवण सांगितली. त्यांच्या मनात रुतून बसले होते ते वॉशिंग्टनच्या सैन्याचे नदी ओलांडणे, ब्रिटिशांच्या बाजूने लढणाऱ्या हेसियन (जर्मन) सैनिकांशी झालेली झुंज आणि सैन्याने सोसलेले हाल. एवढे सोसणारी माणसे काही असामान्य गोष्टीसाठीच लढत असली पाहिजेत, असे त्यांना तेव्हाच वाटले होते.