आळीचा नकाशा कोण काढणार?

पुण्याच्या पेठांतला एखादा वाडा पडला की आपल्या व्यवसायात हळहळ होते. छायाचित्रे फिरतात, कोरीव तुळया आणि खांब जुन्या लाकडाच्या बाजारात जातात आणि काही दिवसांनी त्या जागी पार्किंगवर चार-पाच मजले चढतात. त्या इमारतीच्या आराखड्यावर सही मात्र आपल्यापैकीच कोणाची तरी असते. म्हणून हे चार शब्द महापालिकेसाठी नसून वास्तुविशारद, नगररचनाकार आणि स्ट्रक्चरल सल्लागार असलेल्या आपल्या वाचकांसाठी आहेत.

जतनाचा विचार आपण एकेका वास्तूपुरता करत आलो. शनिवारवाडा, नाना वाडा, विश्रामबाग वाडा, १८८६ची मंडई यांची यादी झाली, श्रेण्या ठरल्या, फलक लागले. या वास्तू टिकल्या हे चांगलेच झाले. पण त्यांच्यामधले शहर यादीत कुठेच बसत नाही. युनेस्कोने १० नोव्हेंबर २०११ रोजी ऐतिहासिक नागरी भूदृश्याविषयी शिफारस स्वीकारली, तिचा सगळा रोख या मधल्या शहराकडे आहे. जमिनीचा चढउतार, पाणी, मोकळ्या जागा, रस्त्यांची वीण, लोकांचे व्यवसाय आणि वहिवाट हे सारे मिळून वारसा होतो, असे ती मानते. २०१७मध्ये अहमदाबादचे जुने शहर जागतिक वारसा यादीत गेले, ते पोळांच्या अख्ख्या वस्तीसह.

पेठांना ही दृष्टी लावून पाहा. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावांचे पाणी बांधीव नळाने शहरात आणले. वाटेत उच्छ्वास होते आणि शहरात काळा हौद, बदामी हौद, नाना हौद असे हौद. म्हणजे डोंगर, नळ, हौद आणि वाड्याचा चौक ही एकच रचना होती. आपण मोजणी करतो ती त्यातल्या एका चौकाची.

कसब्यातली तांबट आळी घ्या. तिथे घर आणि कारखाना वेगळे नाहीत. तळमजल्यावर भट्टी आणि ठोकणी, वर बिऱ्हाड, दारात माल उतरवायची जागा. तांब्यावर मठार पडते ते याच जमिनीवर बसून. पुनर्विकासात त्या कुटुंबाला चौथ्या मजल्यावर स्वच्छ, हवेशीर फ्लॅट मिळतो, पण भट्टी चौथ्या मजल्यावर जात नाही. नियमाने पुनर्वसन पूर्ण होते आणि धंदा बंद पडतो.

पेठेतल्या रस्त्याचे सर्वांत मोठे नुकसान उंचीने केलेले नाही, तळमजल्याने केले आहे. जिथे ओटा, दिंडी दरवाजा आणि दोन दुकाने होती तिथे आता लोखंडी गेट आणि अंधारे पार्किंग आहे. रस्त्याकडे बघणारे कोणी उरत नाही. रस्तारुंदीच्या रेषेचेही तसेच. नवी इमारत मागे सरकते, शेजारचा वाडा जागच्या जागी राहतो, पुढची इमारत पुन्हा मागे. रस्ता सलग रुंद होत नाही. मधल्या खाचांत दुचाकी लागतात, कचरा साठतो आणि आळीची भिंत दातेरी होते. अख्ख्या आळीचा आराखडा एकत्र केला तर वाहनतळ एका जागी घेता येईल आणि रुंदीची रेषा मुळात हवीच का, हेही विचारता येईल. एकट्या भूखंडाच्या नकाशात हे प्रश्न उमटतच नाहीत. त्यात शेजारच्या वाड्याच्या जागी फक्त सिटी सर्व्हे नंबर लिहिलेला असतो.

भाडेनियंत्रणाची अडचण सर्वांना ठाऊक आहे. १९४७चा कायदा गेला, १९९९चा आला, तरी जुन्या बिऱ्हाडांच्या भाड्यात कौलेही शाकारून होत नाहीत. मालक पडझडीची वाट पाहतो, भाडेकरू जागा सोडायला भितो. दोघांचीही बाजू खरी आहे. पण 'धोकादायक' हा दाखला आपण देतो, तेव्हा आपली जबाबदारी सुरू होते. वाड्याचा भार बहुतेक वेळा सागवानी सांगाड्यावर असतो. पांढऱ्या मातीची भिंत भरावाची असते. तिला सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते आणि खांबाचा बुंधा कुजतो. असा वाडा वयाने मोडलेला नसतो, चुकीच्या दुरुस्तीने मोडलेला असतो. गिलावा खरवडून खांबाचे पाय उघडे करून पाहिल्याशिवाय कोणीही पाडण्याची शिफारस करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. कुजलेला तुकडा कापून नवा सांधणारे सुतार अजून मिळतात. त्यांना काम मिळाले नाही, तर तेही मिळेनासे होतील.

वाचकांना आमची विनंती अशी. पेठेतले पुढचे काम हाती घ्याल तेव्हा भूखंडाबरोबर आळीच्या दोन्ही बाजूंची मोजणी करा. ओटे, हौद, विहिरी, पिंपळाचे पार, तळमजल्यावरचे धंदे आणि राहणाऱ्यांची बिऱ्हाडे त्यात दाखवा. तो नकाशा मंजुरीच्या संचाला जोडा, कोणी मागितला नसला तरी. रस्त्याकडच्या तळमजल्यावर पार्किंग काढायला ग्राहकाने सांगितले, तर आधी दुसरा पर्याय काढून दाखवा. वास्तुकला महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांनी केलेली पेठांची मोजणी कपाटात न ठेवता आमच्याकडे पाठवावी. या मासिकाची पाने त्या नकाशांसाठी राखून ठेवली आहेत.