फॉर्मवरची एक ओळ



विज्ञान प्रदर्शनाचा फॉर्म कधी नीट वाचलाय? नाव, वय, प्रकल्पाचं नाव... आणि मग एक ओळ येते, 'शाळेचे नाव व मुख्याध्यापकांची सही'. तुम्ही ती पटकन भरता. पण तुमच्याच गल्लीतली एखादी मुलगी घरीच आई-बाबांकडे शिकत असेल, तर? ती प्रयोग करते, वही ठेवते, पण या ओळीपाशी तिचं पेन थांबतं.

"शाळेत जात नाही म्हणजे मज्जाच की!" असं म्हणू नका हं. एक गोष्ट ऐका. अमेरिकेत व्हरमाँट राज्यात जेरिको नावाचं गाव आहे. तिथला विल्सन बेंटली लहानपणी घरीच आईकडे शिकला. आईच्या सूक्ष्मदर्शकातून तो बर्फाचे कण बघायचा. चित्रं काढायला जायचा, पण चित्र पुरं होण्याआधीच कण वितळायचा! शेवटी सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून १५ जानेवारी १८८५ रोजी त्यानं हिमकणाचा फोटो घेतला. तेव्हा तो १९ वर्षांचा होता. पुढे त्यानं असे ५,००० हून जास्त फोटो काढले. पण जगाला ते कळलं कसं? विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांनी हात दिला आणि १८९८ साली दोघांच्या नावानं लेख छापून आला. कुणीतरी दार उघडावं लागतं, ते असं!

तुम्हीही दार उघडू शकता. आधी आपल्या बाईंना किंवा सरांना विचारा, "घरी शिकणाऱ्या मुलीला आमच्या गटात घेता येईल का?" त्यांना ठाऊक नसेल, तर आयोजकांना साधं पत्र लिहा. शेवटच्या दिवशी नको, महिनाभर आधी. मात्र फॉर्मवर खोटं शाळेचं नाव घालू नका. विज्ञानाची सुरुवातच खऱ्यापासून होते ना!

आता प्रकल्प. दोघांनी मिळून करण्यासारखा एक सांगते. अंगणात सरळ काठी उभी रोवा. दुपारी पावणेबारा ते एक, दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूनं खूण करा. तुम्ही तेव्हा वर्गात असता, पण घरी शिकणाऱ्या मैत्रिणीला रोज मोजता येतं! सर्वांत आखूड सावली बारा वाजता पडते, असं वाटतं ना? मोजून पाहा. भारताचं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेलं आहे. पुणं त्याच्या बरंच पश्चिमेला. दर अंशाला ४ मिनिटं, या हिशोबानं पुण्याची 'खरी दुपार' वर्षाच्या सरासरीनं १२ वाजून ३५ मिनिटांच्या आसपास होते. नागपुरात मामा किंवा मावशी असेल, तर त्यांना त्याच दिवशी मोजायला सांगा. तिथली आखूड सावली पुण्याच्या सुमारे २१ मिनिटं आधी पडेल. सूर्याकडे मात्र थेट बघायचं नाही. आपलं काम सावलीशी!

वहीत तारीख, वेळ, लांबी लिहा. ढग आले, मोजायचं राहिलं, तेही लिहा. चुकलेला आकडा खोडू नका, शेजारी कारण लिहा. परीक्षक थर्मोकोलचा ताजमहाल बघायला येत नाहीत. ते विचारतात, "यातलं तू स्वतः काय केलंस?" उत्तर दोघींनाही देता आलं पाहिजे. म्हणून आई-बाबांनो, कातरी आणि डिंक मुलांच्याच हाती राहू द्या!

आणि आयोजक नाहीच म्हणाले, तर? नियम असतात, रुसू नका. वाचनालयाच्या खोलीत किंवा सोसायटीच्या गच्चीवर चार टेबलं मांडा आणि शेजाऱ्यांना बोलवा. घरी शिकणाऱ्या मुलांना पुस्तकं मिळतात, वेळ मिळतो. कमी पडतं ते एकच, "कशावरून?" असं विचारणारं, वाद घालणारं समवयस्क कुणी. बक्षिसापेक्षा तिला तेच हवं असतं.

तेव्हा उद्याच तिच्या दारावर टकटक करा. काठी तुमची, खडू तिचा!

तुमच्या,
बाई