द्रोणाचार्यांचें नांव आणि आचरेकरांचा रुपया

ता. ३ डिसेंबर २०२४ रोजीं दादरच्या शिवाजी पार्कवर क्रिकेटचे गुरु कै. रमाकांत आचरेकर यांच्या स्मारकाचें अनावरण झालें. ज्या मातींत या माणसानें जन्म घालविला तेथेंच त्याची खूण राहिली, हें योग्य झालें व त्याबद्दल आम्हांस आनंद वाटतो. पण हार घालून घरीं परतण्यापूर्वीं वाचकांपुढें एक रोकडा सवाल ठेवणें आम्हांस भाग आहे. गुरूची थोरवी कशावरून मोजावी?

सरकारनें आचरेकरांस १९९० सालीं द्रोणाचार्य पुरस्कार दिला, २०१० सालीं पद्मश्री दिली. मान मोठा, यांत शंका नाहीं. परंतु खेळाच्या गुरूंस १९८५ पासून मिळणाऱ्या या पुरस्काराला नांव कोणाचें? ज्यानें एकलव्याला दारांतून परतविलें आणि एक अक्षरही न शिकवितां दक्षिणा म्हणून त्याचा अंगठा घेतला, त्याचें! राजवाड्यांतल्या पोरांस धनुर्धर करण्यांत कसली आली आहे बहादुरी?

आचरेकरांची रीत याच्या उलट होती. स्वतः ते स्टेट बँकेंतले नोकर; प्रथम श्रेणीचा एकच सामना त्यांच्या वांट्याला आला. पण शारदाश्रम विद्यामंदिराच्या त्यांच्या संघांत प्राध्यापकाचा मुलगा सचिन तेंडुलकर होता, तसा कांजूरमार्गच्या चाळींतून लोकल गाडीनें येणारा विनोद कांबळीही होता. फेब्रुवारी १९८८ मध्यें हॅरिस शील्डच्या सामन्यांत या दोघांनीं आझाद मैदानावर ६६४ धावांची अभंग भागी केली. सचिनच्या ३२६, विनोदच्या ३४९. चाळींतल्या पोराच्या २३ जास्त! धावफलकावर बापाचा पगार कोणी लिहीत नाहीं.

सरावाच्या वेळीं आचरेकर स्टंपावर एक रुपया ठेवीत. सचिनला बाद करील त्याला तो रुपया. कोणालाच तें साधलें नाहीं, तर सचिनला. असे तेरा रुपये सचिननें जपून ठेवले आहेत. अंगठा मागणारा गुरु पुराणांत पूज्य ठरला. शिष्याच्या हातावर रुपया ठेवणारा मात्र २ जानेवारी २०१९ रोजीं वारला, तेव्हां पद्मश्री असूनही त्याला शासकीय इतमाम लाभला नाहीं. स्मारकाला आणखी जवळजवळ सहा वर्षें लागलीं.

आचरेकरांचे शिष्य जगभर गाजले म्हणून उशीरां कां होईना, स्मारक झालें. पण खेड्यापाड्यांतल्या शाळेंत अनवाणी पोरांस कबड्डी, कुस्ती, धांवणें शिकवून मुकाट्यानें पेन्शनींत निघणाऱ्या मास्तराचें काय? त्याचा शिष्य गाजला नाहीं, एवढ्यानें त्याची मेहनत खोटी होत नाहीं.

पुरस्काराचें नांव बदलेल तेव्हां बदलो. कसोटी आजच बदलतां येईल. किती पदकें आणलीं, हें जरूर विचारा. पण आधीं विचारा, ज्यांना दुसरें दार उघडें नव्हतें अशा किती पोरांस या गुरूनें मैदानांत घेतलें? आणि वाचकहो, असा मास्तर तुमच्या गांवीं असेल तर सरकारची वाट पाहूं नका. तो जिवंत आहे तोंवरच त्याच्या गळ्यांत हार घाला.