आजीच्या बटव्यातली विसरलेली अट



परवा पुण्याहून पुतणीचा फोन आला. "काका, आमच्या ब्रूनोला गोचीड झालेत. जेवणातून लसूण दिला तर जातात ना? तुम्ही वाघ्याला द्यायचात, आठवतंय मला."

म्हटलं, "द्यायचो. म्हणूनच सांगतो, देऊ नकोस."

फोनवर एवढंच बोलणं झालं. राहिलेलं इथे लिहितो, म्हणजे बाकीच्या नातेवाइकांनाही कळेल.

वाघ्या आमच्या आगरच्या घरी नऊ वर्षं होता. गावठीच, पंधरा-सोळा किलोचा. पावसाळ्यात इथे चिकूच्या वाड्यांतून गवत माजतं आणि कुत्र्यांच्या कानांत, बोटांच्या बेचक्यांत गोचीड भरतात. कुणीतरी सांगितलं, लसणाच्या वासाने गोचीड गळून पडतात. झालं! दोन्ही वेळच्या भाकरीत मी सात-आठ पाकळ्या ठेचून घालू लागलो. वरून अंगाला करंजेल. वाघ्या मलूल झाला, तेव्हा वाटलं पावसाची मरगळ असेल. त्याने जेवण टाकलं तेव्हा सौ. म्हणाली, "अहो, डॉक्टरांना दाखवू या." मी म्हटलं, "औषध चालूच आहे की!" असे आठ दिवस गेले.

डॉक्टरांनी वाघ्याचा ओठ वर करून हिरड्या दाखवल्या. पांढऱ्याफटक. गोचिडांच्या तापाने रक्तातल्या तांबड्या पेशी मोडत होत्या, आणि लसूणही कुत्र्याच्या नेमक्या त्याच पेशी मोडतो. चौथ्या दिवशी वाघ्या गेला. तापाने गेला, असंच डॉक्टर म्हणाले. पण ते आठ दिवस कुणी घालवले, हे मला सांगायची गरज नव्हती. जन्मभर मुलांना ‘कारणे द्या’ लिहायला लावणाऱ्या मास्तराने स्वतः मात्र एकदाही कारण विचारलं नव्हतं.

तेव्हापासून माझं मत असं झालंय की ‘घरचं आहे, झाडपाल्याचं आहे, अपाय तर होणार नाही ना’ हे वाक्यच घातक आहे. आमच्या डहाणू-तलासरीकडच्या वारली बायकांना विचारा. रानातला कडू कंद त्या चिरतात, उकडतात, वाहत्या पाण्यात ठेवून त्याचा कडूपणा काढतात, मगच खातात. ज्यांचं पोट कंदमुळांवर भरलं, त्यांनी कंदमुळांना कधी निरुपद्रवी मानलं नाही. आपणही सुरणाला चिंच-कोकम लावल्याशिवाय हात घालत नाही. मग कुत्र्याच्या बाबतीतच एवढा भाबडेपणा का?

उकडलेलं रताळं, गाजर कुत्र्याला थोडं चालतं. कांदा-लसूण चालत नाही, कच्चा नाही आणि शिजवलेलाही नाही. किलोभर वजनामागे पंधरा ते तीस ग्रॅम कांदा पोटात गेला तरी रक्तावर परिणाम दिसू लागतो. लसूण त्याहून कमी पुरतो. ‘आमचा कुत्रा वर्षानुवर्षं उरलेली आमटी खातोय’ असं कुणी म्हणेल. खरं आहे, थोडक्यात निभावतं. पण औषध म्हणून आपण ते मुद्दाम आणि रोज देतो, तिथे गणित बदलतं.

तेलांचंही तेच. माणसाला लावलेलं तेल अंगावर राहतं. कुत्र्याला लावलेलं तासाभरात पोटात जातं, कारण तो चाटतो. खरजेवर गॅरेजमधलं जळकं तेल फासणारे मी पाहिलेत. खोबरेलात कापूर घालून चोळणारेही पाहिलेत. तो कापूर चाटण्यात गेला तर कुत्र्याला झटके येऊ शकतात. परदेशातली आपली मुलं ‘नैसर्गिक’ लिहिलेली टी ट्री तेलाची बाटली आणतात, तीही कुत्र्यामांजरांना विषारीच.

याचा अर्थ आजीचा बटवा फेकून द्या असा नाही. माझी आजी वेखंड द्यायची तेसुद्धा सहाणेवर वेढे मोजून. आणि दर वेळी एक वाक्य बोलायची, "तीन दिवसांत उतार पडला नाही तर वैद्याला बोलवा." आपण वेखंड लक्षात ठेवलं, वेढे विसरलो आणि ते वाक्य तर पारच विसरलो. ते वाक्य हाच तिच्या औषधाचा अर्धा भाग होता.

मुक्या जनावराला तर तीन दिवससुद्धा जास्तच. त्याने जेवण टाकलं की त्याच दिवशी हिरड्या पाहाव्या आणि दवाखाना गाठावा.

असो. पुतणीने ब्रूनोला दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं. तो बरा आहे. ओट्यावरची वाघ्याची जागा मात्र अजून रिकामी आहे. सौ. म्हणते, आणू या एखादं पिल्लू. मी अजून ‘हो’ म्हटलेलं नाही.