चेन्ड एकोज आणि अश्वत्थाम्याची जखम

डिसेंबरात एर्लांगेनला दुपारी साडेचारलाच दिवे लावावे लागतात. बर्फ धड पडत नाही, नुसती करडी रिपरिप चालू असते. अशा वेळी इथला माणूस एकतर ख्रिसमसच्या बाजारात जाऊन गरम वाइन पितो, नाहीतर तळघर आवरायला घेतो. गेल्या हिवाळ्यात मी तिसरा मार्ग धरला आणि चाळीसेक तास एक कॉम्प्युटर गेम खेळलो. हसू नका मंडळी, या वयात लोक याहून वाईट गोष्टी करतात.

गेमचं नाव 'चेन्ड एकोज'. माथिआस लिंडा नावाच्या एका जर्मन माणसाने तो जवळपास एकट्याने तयार केला. संगीत दुसऱ्याचं आहे, बाकी कथा, चित्रं, लढाईचे नियम, प्रोग्रॅमिंग बहुतेक सगळं याचंच. २०१९ साली किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे केले, फ्रांकफुर्टच्या डेक थर्टीन या कंपनीने प्रकाशनाची बाजू सांभाळली आणि ८ डिसेंबर २०२२ ला गेम बाजारात आला. एकाच माणसाने केलेलं काम असलं की त्याचे गुण आणि दोष दोन्ही थेट त्याच्या डोक्यातून आलेले असतात, मधे कमिटी नसते. मोठ्या कंपनीत आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला याचं भलतंच अप्रूप.

दिसायला हा गेम १९९०च्या दशकातल्या जपानी खेळांसारखा आहे. चौकोनी ठिपक्यांची चित्रं, वरून दिसणारी गावं. माझ्या मुलीने एकदा मागून डोकावून विचारलं, "बाबा, हा तुझ्या लहानपणचा आहे का?" माझ्या लहानपणी आमच्याकडे कॅरम होता, हे तिला परत एकदा सांगितलं. पण चित्रं खरोखर देखणी आहेत. एकट्या माणसाने खरी वाटणारी थ्रीडी दुनिया उभी करायचं मनात आणलं असतं तर तो अजून पहिल्याच गावात अडकलेला असता.

लढाई पाळीपाळीने होते, बुद्धिबळासारखी. तुम्ही विचार करा, चहा करून आणा, शत्रू बिचारा थांबून राहतो. तुमचे चार जण पुढे लढतात, चार मागे राखीव, आणि पाळी न गमावता त्यांची अदलाबदल करता येते. यात लिंडाने एक झकास कल्पना घातली आहे. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक पट्टी असते. तुमच्या प्रत्येक चालीबरोबर तिचा काटा पुढे सरकतो. पिवळ्या भागातून हिरव्या भागात गेलात की तुमचा मार जोरात बसतो आणि तुम्हाला कमी लागतं. पण हिरव्याच्या पलीकडे लाल आहे. तिथे गेलात की यंत्र तापलं, आता शत्रूचा प्रत्येक घाव जास्त लागणार. काटा मागे आणायचा तर त्या वेळी पट्टी ज्या प्रकारची चाल मागेल ती खेळावी लागते, मग ती तुमच्या सोयीची असो वा नसो. यंत्र ठरावीक तापमानाच्या पट्ट्यात चालवत ठेवणं हे ज्यांनी पोटासाठी केलं आहे त्यांना या पट्टीची गंमत वेगळी सांगायला नको. बहुतेक अशा खेळांत एकदा हमखास चाल सापडली की माणूस तीच पुन्हा पुन्हा मारत बसतो. इथे ती मारता येत नाही.

दुसरा नियम त्याहून धाडसी. प्रत्येक लढाईनंतर तुमची सगळी माणसं पूर्ण बरी होतात, शक्तीही भरून मिळते. नव्वदीच्या दशकातल्या खेळांत निम्मा वेळ औषधाच्या बाटल्या मोजण्यात जायचा. इथे तो हिशेबच नाही, त्यामुळे लेखकाला प्रत्येक झुंज अटीतटीची करता येते. क्षुल्लक लढाया मारून मारून ताकद वाढवायची सोयही त्याने ठेवलेली नाही. बढती मिळते ती मुख्यतः मोठे शत्रू हरवून आणि जग धुंडाळून. थोडक्यात, तुमच्या वेळेची किंमत आहे हे मानणारा खेळ. नोकरी, मुलं आणि कराची कागदपत्रं सांभाळून खेळणाऱ्याला आणखी काय हवं!

आता तक्रारी. शस्त्रांना बसवायच्या स्फटिकांची जी भानगड आहे ती मला शेवटपर्यंत कळली नाही, आणि मी सर्किटच्या आकृत्या वाचून पगार घेतो. उडणारी यंत्रकवचं हातात यायला बरेच तास जातात, आणि मग ती एकदम सगळा खेळ व्यापतात. संवाद कुठे छान तर कुठे शाळेच्या स्नेहसंमेलनातले. मी मुद्दाम जर्मनमधून खेळलो, भाषेचा सराव होईल म्हणून. झालं एवढंच, की शिव्या आणि शस्त्रांची नावं पाठ झाली. आमच्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' (२०२०) आठवला. तो पाळीपाळीचा नाही आणि लहानही आहे, पण तिथेही असंच: चित्रं पाहून उर भरून येतो आणि कथा रंगात येते तोवर संपते. छोट्या चमूला सगळीकडे पुरं पडणं जमत नाही, हे मान्य. अशा चुका मी माफ करतो.

माझी खरी तक्रार कथेबद्दल आहे, आणि ती मला बरेच दिवस छळत होती.

वालांडिस नावाच्या खंडात तीन राज्यं पिढ्यानपिढ्या लढताहेत. ग्लेन हा भाडोत्री सैनिक. सुरुवातीलाच एका मोहिमेत त्याच्या हातून एक जादुई महास्त्र फुटतं आणि क्षणात असंख्य माणसं मरतात. ती भीषणता पाहून राज्यं हादरतात आणि तह करतात. म्हणजे शांतता आली ती याच्या हातून झालेल्या संहारामुळे! ग्लेनला धड अपराधी म्हणता येत नाही, धड निर्दोषही नाही. एखाद्या जर्मन लेखकाने हा प्रश्न घेऊन सुरुवात करावी याचं मला आश्चर्य वाटलं नाही. इथून वीसेक किलोमीटरवरच्या न्यूर्नबर्गचं जुनं शहर २ जानेवारी १९४५ च्या एका रात्रीत बेचिराख झालं. एर्लांगेन मात्र जवळजवळ धड राहिलं. मी रोज सायकलने जातो त्या वाटेवर लोर्लेबर्गप्लाट्झ नावाचा चौक आहे. वेर्नर लोर्लेबर्ग हा शहराचा लष्करी कमांडर. १६ एप्रिल १९४५ ला त्याने शहर अमेरिकनांच्या स्वाधीन केलं आणि त्याच दिवशी तो मेला. स्वतः गोळी घालून घेतली की आपल्याच लोकांनी मारलं, यावर एकमत नाही. सुरुवातीची काही वर्षं मी त्या चौकाला नुसता बसथांबा समजत होतो.

सांगायचा मुद्दा असा की शांतता कोणाच्या तरी अंगावरून येते, हे या भूमीत पुस्तकातून शिकावं लागत नाही. आणि आपल्याकडे तर त्यासाठी अश्वत्थामा आहे. युद्ध संपलेलं असताना त्याने अस्त्र सोडलं, आणि कपाळावरची भळभळती जखम घेऊन तो अजून दारोदार तेल मागत फिरतो. लहानपणी आजी हे सांगायची तेव्हा मला त्याच्या पापापेक्षा त्या न भरणाऱ्या जखमेचीच भीती वाटायची.

आता ग्लेन पाहा. त्याला वाईट स्वप्नं पडतात, तो कधी खिन्न होतो, कधी बोलूनही दाखवतो. पण त्याचा अपराध फक्त संवादात आहे, खेळात कुठेच नाही. लढाई झाली की चुटकीसरशी जखमा गायब. सगळे ताजेतवाने, पुढच्या पेटीतलं सोनं शोधायला मोकळे. ज्या नियमाचं मी वर तोंड भरून कौतुक केलं, तोच नियम इथे कथेच्या मुळावर येतो. न पुसता येणाऱ्या एका कृत्याची गोष्ट अशा जगात सांगितली आहे, जिथे दर पाच मिनिटांनी सगळं पुसलं जातं.

यावर एका तरुण सहकाऱ्याशी कॅन्टीनमध्ये वाद झाला. तो म्हणाला, "खेळाचे नियम वेगळे आणि कथा वेगळी. सिनेमात हिरो गातो तेव्हा वाद्यवृंद कुठून आला असं विचारतोस का?" मुद्दा बरोबर आहे. तरी मला पटलं नाही. सिनेमात मी नुसता पाहतो, खेळात ते बटण मी दाबतो. पहिल्या प्रकरणात ते महास्त्र फुटलं तेव्हा ग्लेनला चालवणारा मीच होतो. त्याची काहीतरी किंमत माझ्याकडून वसूल करायला हवी होती. फार काही नको. ग्लेनची एखादी शक्ती कायमची कमी ठेवायची. किंवा त्या पट्टीवरचा लाल भाग त्याच्यासाठी थोडा लवकर सुरू करायचा. इतका हुशार नियम ज्याला सुचला त्याला हेही सुचलं असतं. कदाचित सुचलंही असेल आणि खेळणारे वैतागतील म्हणून काढून टाकलं असेल.

असो. तरीही घ्या आणि खेळा. पाळीपाळीच्या लढाईत इतका ताण मी क्वचित अनुभवला आहे. आणि एका माणसाने आपल्या खोलीत बसून एवढं जग उभं केलं, हे पाहूनही बरं वाटतं. स्फटिकांच्या नादी मात्र लागू नका. मी शेवटी सगळे विकून टाकले.