फोर्क उतरवण्याआधी जरा थांबा

टूरिंग बाइक घेतली की आठवड्याभरात एक सल्ला हमखास मिळतो. "पाय टेकत नाहीत? अरे, पुढचा फोर्क क्लॅम्पमधून थोडा वर सरकवून घे, बाइक खाली येते." काम स्वस्त, आणि बाइक दिसतेही जरा रुबाबदार. पण माझं मत विचाराल तर पाय टेकवण्यासाठी हा उपायच नाही. पैसे घालायचेत ना? मग फोर्कच्या आत घाला.

थोडं गणित करू, इंजिनियर मंडळींना चालेल :) २०१६ साली आलेली हिमालयन ४११ घ्या. व्हीलबेस १४६५ मिमी. फोर्क १५ मिमी सरकवला की पुढचं टोक जवळपास तेवढं खाली येतं. पण सीट असते मागच्या चाकाच्या बाजूला, त्यामुळे तिथे मिळतात जेमतेम पाच-सहा मिमी. जाड सोलचे बूट घेतले तर याहून जास्त मिळेल!

बदल्यात काय जातं? फोर्क साधारण अर्धा अंश उभा होतो, ट्रेल कमी होतो. शहरात बाइक चटकन वळते म्हणून मजा वाटते, पण हायवेवरची स्थिरता घटते. फोर्क पूर्ण दबल्यावर टायर आणि खालच्या क्लॅम्पमधलं अंतरही कमी होतं.

आता कोहमाऱ्याचा रस्ता डोळ्यासमोर आणा. नागपूर-रायपूर हायवे, पूर्वीचा एनएच ६, आताचा ५३. इथून एक फाटा गोंदियाला, दुसरा नवेगावबांधला. हायवे जातो नवेगाव आणि नागझिरा या जंगलांच्या मधून. लोड घेतलेले ट्रक, धानाने भरलेले ट्रॅक्टर, आणि अंधार पडताना अचानक आडवं येणारं रानडुक्कर. मागे जोडीदार, दोन्ही बाजूंना सामान. अशा वेळी ब्रेक दाबला की सगळं वजन पुढे येतं. मऊ स्प्रिंग तळाला टेकली, तर पुढच्या खड्ड्यासाठी फोर्ककडे काही उरतच नाही. टायरची पकड जाते ती नेमकी तेव्हा.

म्हणून आधी सॅग मोजा. फोर्कच्या नळीला झिप टाय बांधा आणि तुम्ही बसल्यावर तो किती दबतो ते बघा. साधारण ३० टक्के ठीक, म्हणजे २०० मिमी ट्रॅव्हलला ६० मिमी. फारच जास्त दबत असेल तर तुमच्या वजनाची स्प्रिंग घ्या. मग फोर्क ऑइल बदला. पण नुसतं जाड ऑइल भरून स्प्रिंग कडक होत नाही, फक्त फोर्कची हालचाल मंदावते. आणि कोणी स्प्रिंग कापून देतो म्हणाला तर हात जोडून निघा.

ज्यांची उंची कमी आहे त्यांची अडचण खरीच आहे, ती हसण्यावारी नेऊ नका. त्यांच्यासाठी आधी लो सीट. तरीही नाही जमलं तर पुढून-मागून सारखीच बाइक उतरवा, ग्राउंड क्लिअरन्स कमी होणार हे मान्य करून.

आणि हो, एका वेळी एकच बदल. प्रॉडक्शनला पाच पॅच एकदम टाकून बग शोधत बसणं आपल्याला ऑफिसात पुरे झालंय. तिथे निदान रोलबॅक तरी असतो.