'किती पॉइंट?' एवढंच विचारू नका

शालेय स्पर्धेतली जिल्ह्याची मॅच संपली होती. मुलगा घामानं निथळत बाहेर आला, बाटली तोंडाला लावली, तेवढ्यात वडिलांनी विचारलं, "किती पॉइंट?"

"दोन."

"मग इतका वेळ आत करत काय होतास?"

मी शेजारीच स्कोअरशीट घेऊन उभा होतो. त्या मुलाच्या पासवर सात बास्केट झाल्या होत्या. हे मला माहीत होतं, कारण शीटच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी पेन्सिलीनं रेघा मारत होतो. पुढच्या बाजूला पासचा रकानाच नाही.

मैदानाच्या कडेला उभ्या राहणाऱ्या सगळ्या आईबाबांना म्हणून माझी एक विनंती आहे. घरी जाताना पोराला विचारायचंच असेल, तर "आज कोणाकोणाला बॉल दिलास?" हे विचारा.

ज्याच्या जिवावर मी हे सांगतोय तो जॉन स्टॉकटन. १९६२ साली अमेरिकेतल्या स्पोकेन शहरात जन्मला, तिथल्याच गोन्झागा विद्यापीठाकडून खेळला. १९८४ साली एनबीए या तिथल्या बास्केटबॉल लीगच्या संघांनी नवे खेळाडू निवडले, तेव्हा यूटा जॅझनं त्याला सोळाव्या क्रमांकावर घेतलं. त्याच निवडीत मायकल जॉर्डन तिसरा होता. स्टॉकटनची उंची सहा फूट एक इंच, म्हणजे त्या लीगमध्ये ठेंगणाच. पहिली तीन वर्षं तो बहुतेक बदली खेळाडू म्हणूनच उतरला. आपल्याकडे एवढ्यात दोन क्लास बदलले असते आणि सरांशी भांडणही झालं असतं.

त्याचं काम पॉइंट गार्डचं. बॉल वर आणायचा आणि कोणी मारायचं ते ठरवायचं. व्हॉलीबॉल खेळलेल्यांना लिफ्टर म्हटलं की लगेच कळेल. आपल्या पासवर साथीदारानं बास्केट केली की त्याला असिस्ट म्हणतात. स्टॉकटनच्या नावावर असे १५,८०६ असिस्ट आहेत. दुसऱ्या क्रमांकावरचा क्रिस पॉल बारा हजारांच्या पुढे गेला, तरी मधे तीन हजारांहून जास्त अंतर आहे. स्वतः स्टॉकटनची सरासरी मात्र मॅचमागे तेराच पॉइंटची. आपल्या त्या वडिलांनी त्यालाही विचारलं असतं, करत काय होतास?

काय करत होता ते जरा नीट बघा. कार्ल मलोन हा त्याचा जोडीदार, सहा फूट नऊ इंच, पहाडासारखा. तो येऊन स्टॉकटनच्या डिफेंडरच्या वाटेत खांबासारखा उभा राहायचा. स्टॉकटन ड्रिबल करत त्याला इतका खेटून जायचा की मधून डिफेंडरला शिरायला फट उरत नसे. मग मलोनचा डिफेंडर नाइलाजानं स्टॉकटनवर धावायचा. तो धावला की मलोन जागच्या जागी वळून रिंगकडे सुटायचा, आणि दोन डिफेंडरांच्या हातांखालून, जमिनीवर एक टप्पा घेऊन, बॉल त्याच्या ओंजळीत. याला पिक अँड रोल म्हणतात. समोरच्या संघाला हे येणार हे पक्कं ठाऊक असायचं, वर्षानुवर्षं ठाऊक होतं. तरी अडवता येत नसे, कारण पास नेमका हवा तेव्हाच सुटायचा. मलोननं कारकिर्दीत ३६,९२८ पॉइंट केले. त्यातले किती स्टॉकटनच्या हातून निघाले असतील, याचा विचार तुम्हीच करा.

आता कोणी म्हणेल, नुसते पास देणारी पोरं भित्री होतात, शॉट घ्यायला घाबरतात. होतात काही, खोटं कशाला सांगू? पण २९ मे १९९७ची ह्यूस्टनविरुद्धची मॅच मिळाली तर मुलांना दाखवा. १००-१०० बरोबरी, हातात तीन सेकंदसुद्धा नाहीत. स्टॉकटननं लांबून शॉट घेतला, तीन पॉइंट मिळाले, आणि यूटा पहिल्यांदाच अंतिम फेरीत गेला. कधी द्यायचा हे ज्याला कळतं, त्याला कधी मारायचा हेही कळतं. अंतिम फेरीत शिकागोनं हरवलं, पुढच्या वर्षी पुन्हा हरवलं. विजेतेपद त्याला कधीच मिळालं नाही.

त्याच्या हजेरीबद्दलही सांगायलाच हवं. १९ सीझन, एकच संघ, आणि चुकलेल्या मॅचेस फक्त २२. शेवटच्या सीझनमध्ये, एक्केचाळिशीला पोचला तेव्हाही, ८२पैकी ८२ मॅच खेळला. क्लासची टेस्ट आहे म्हणून आठवड्यात दोनदा प्रॅक्टिस बुडवणाऱ्यांनी हे वाचावं.

प्रसिद्धीचं म्हणाल, तर १९९२ला बार्सिलोनाच्या ऑलिंपिकमध्ये तो अमेरिकेच्या जगभर गाजलेल्या संघात होता. व्हिडिओ कॅमेरा घेऊन कुटुंबाबरोबर भर रस्त्यात हिंडला, आणि त्या संघाचा टीशर्ट घातलेल्या बाईनंही त्याला ओळखलं नाही. स्टॉकटनला याची मजाच वाटली.

दहावीच्या क्रीडागुणांसाठी खेळवत असाल तरी हरकत नाही, खेळवा. फक्त कडेवरून "मार, मार" ओरडू नका. मुलानं बॉल बघायचा की तुम्हाला? आणि माझ्यासारख्या शिकवणाऱ्यांनो, शीटवर एक रकाना आपण हातानं आखू शकतो. सरावात पासवरून आलेली बास्केट दुप्पट धरा. आठवडाभरात पोरं मान वर करून खेळायला लागतात, मी करून पाहिलंय.

त्या दिवशी मी शीट उलटं करून त्या वडिलांसमोर धरलं. त्यांनी बोट ठेवून रेघा मोजल्या. मग मुलाला म्हणाले, "ही शेवटची कुठली रे?" तो सांगायला लागला, आणि गेटच्या बाहेर पडेपर्यंत सांगतच होता.